वरचा पाडा

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. दहावी, मार्च १९९६ची तुकडी)



संयोजकांनी फोन केला तेव्हा मला विषय दिला होता, 'कळंब ते कॉम्प्युटर'. तो दोन वाक्यांत सांगते. इथून नालासोपाऱ्याची एसटी पकडली, पुढे लोकल पकडली, अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि गेली बावीस-तेवीस वर्षं प्रोग्रॅम लिहिते आहे. चष्म्याचा नंबर वाढला, पगारही वाढला. झालं. उरलेल्या वेळात मी मोखाड्याच्या डोंगरातल्या एका पाड्याबद्दल बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, हिचं माहेर समुद्राकाठी, नोकरी काचेच्या इमारतीत, हिचा डोंगराशी काय संबंध? मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं.

दीड महिन्यापूर्वी आपल्या ग्रुपवर पाचवीचा फोटो आला. १९९१च्या जानेवारीतला, आपल्या व्हरांड्यात काढलेला. स्मरणिकेत छापायचा म्हणून खाली नावं लिहायची होती. अर्ध्या तासात सगळी नावं जमली. कोणाचे कान, कोणाच्या वेण्या, कोणाच्या शर्टाचं तुटलेलं बटण, सगळ्यांवर चर्चा झाली. फक्त दुसऱ्या रांगेत शेवटी उभी असलेली मुलगी कुणाला ओळखता येईना. एकजण म्हणाला, अर्नाळ्याहून यायची ती. एकीने लिहिलं, बदलीवर आलेल्या पोस्टमास्तरांची मुलगी असेल. मी दोन दिवस काहीच लिहिलं नाही. मला ती ठाऊक होती. ती आमच्या वाडीत राहायची.

१९९०ची दिवाळी झाली आणि आमच्या वाडीत कामाला एक कुटुंब आलं. नवरा, बायको, कडेवरचं एक मूल आणि माझ्या वयाची ही मुलगी. वडिलांनी केळीसाठी नवे पाट खणायला घेतले होते. विहिरीच्या मागे झावळ्यांचं खोपटं बांधून ती माणसं राहिली. चार-पाच दिवस ती मुलगी मी शाळेत निघाले की बांधावर उभी राहून बघायची. आजीच्या ते लक्षात आलं. ती मला म्हणाली, "हिलापण ने. एकटी काय करते इथं?"

मी नेलं. पण कसं नेलं ते सांगते, कारण आजवर हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मी तिला सांगितलं की माझ्या मागून चाल, दहा पावलं. बरोबर चालायचं नाही. आणि ती खरंच दहा पावलं मोजून चालायची. मी थांबले की थांबायची.

सरांनी तिला वर्गात बसू दिलं. सर, तुम्ही इथे आहात, तुम्हाला कदाचित आठवत नसेल. दाखला नव्हता म्हणून हजेरीत नाव नव्हतं, पण तुम्ही तिला कधी उठवलं नाही. हजेरी चालू असताना ती गप्प बसायची आणि शेवटचं नाव संपलं की हळूच स्वतःच "हजर" म्हणायची. वर्ग हसायचा. मीही हसायचे, आणि ती मान खाली घालायची. तिला नाव होतंच. आजी तिला नावाने हाक मारायची. वर्गात मात्र आपण तिला 'खोपटीवाली' म्हणायचो. आता कितीही आठवलं तरी मला 'खोपटीवाली' एवढंच आठवतं.

तेव्हा आपला जिल्हा ठाणे होता. पालघर जिल्हा झाला २०१४च्या १ ऑगस्टला. तोवर मोखाड्याच्या माणसालाही कलेक्टर कचेरीच्या कामाला ठाण्याला जावं लागे. वर्गात जिल्ह्याचा मोठा नकाशा होता. डावीकडे समुद्र, मग हिरवी पट्टी, आणि उजवीकडे तपकिरी रंग. सर एकेकाला आपलं गाव दाखवायला सांगत होते. तिची पाळी आली. ती नकाशासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "वर."

"वर म्हणजे कुठे?"

"डोंगरात."

सरांनी तपकिरी भागावर बोट ठेवलं आणि विचारलं, जव्हार का मोखाडा? ती म्हणाली, "मोखाडा." मग सरांनी तिथून एक निळी रेघ बोटाने खाली आणली. वैतरणा. ती त्र्यंबकच्या डोंगरात निघते, मोखाड्याच्या कडेने उतरते आणि आपल्या अर्नाळ्याच्या उत्तरेला खाडी होऊन समुद्राला मिळते. "म्हणजे हिच्या गावचा पाऊस तुमच्या दारात येतो," असं तुम्ही म्हणालात, सर. परीक्षेला हा प्रश्न आला नाही, म्हणून आम्ही तो विसरलो.

शिमगा झाला आणि एका सकाळी खोपटं रिकामं होतं. वर्गात कुणी विचारलं नाही. बाकावर तिची जागा मोकळी झाली तिथे मी माझं दप्तर ठेवायला लागले.

पुढचा एक प्रसंग तुमच्यापैकी काहींना आठवेल. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी भागात लहान मुलं मोठ्या संख्येने दगावली. कुपोषण हा शब्द तेव्हा प्रथम आपल्या घराघरांत आला. वर्तमानपत्रं भरभरून लिहीत होती. आपण शाळेत भित्तिपत्रक केलं. मी कात्रणं चिकटवली, मथळा रंगवला, आणि आमच्या गटाला बक्षीस मिळालं. ते करताना मला एकदाही त्या मुलीची आठवण झाली नाही, तिच्या आईच्या कडेवरच्या मुलाचीही नाही. सातवी-आठवीत होतो आपण. एवढं कळायचं वय होतं.

आता एकदम २०१५मध्ये या. नोकरीत स्थिरावले होते, मुलगा मोठा झाला होता, आणि शनिवार-रविवारी काहीतरी समाजोपयोगी करावं असं आमच्या वयाच्या लोकांना वाटतं तसं मलाही वाटत होतं. आम्ही काही मित्रमैत्रिणी मिळून एका छोट्या संस्थेला मदत करायला लागलो. काम असं होतं: मोखाडा तालुक्यातल्या काही पाड्यांतल्या सहा वर्षांखालच्या मुलांची दर महिन्याची वजनं कागदाऐवजी टॅबवर भरायची. प्रोग्रॅम मी लिहायचा. मला वाटलं, हे तर माझं रोजचंच काम आहे.

पहिल्यांदा गेलो ऑगस्टमध्ये. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांना सांगते, आपल्या जिल्ह्यातच हा दुसरा मुलूख आहे. मनोरला महामार्ग सोडायचा, विक्रमगड ओलांडलं की रस्ता चढायला लागतो. वर जव्हार. मुकणे घराण्याचं संस्थान, त्यांचा जयविलास राजवाडा तुम्ही सहलीत पाहिला असेल. जव्हारला जिल्ह्याचं महाबळेश्वर म्हणतात, पण महाबळेश्वरचं थंड हवामान मनात धरून एप्रिलमध्ये जाऊ नका, दगड तापतात. जव्हारपुढे मोखाडा, त्यापुढे खोडाळ्याच्या बाजूला वळलो. डांबर संपलं तिथे जीप सोडली. मग एक ओढा, ओढ्यानंतर उभी चढण, आणि चढण संपल्यावर सपाटीवर सव्वीस घरांचा पाडा.

पावसात तो पाडा इतका देखणा होता की आम्ही सगळे मोबाइल काढून उभे राहिलो. उतारावर नागलीची आणि वरईची हिरवी शेतं, खाचरांत भात, समोरच्या कड्यावरून पाण्याच्या पाच-सहा धारा. घरांच्या भिंती कारवीच्या काठ्यांच्या, वर शेणमातीचा लेप. आत मधोमध चूल, कोपऱ्यात कणगी. शेती सगळी पावसावरची. उन्हाळ्यात पालापाचोळा आणि शेण पसरून जमीन भाजायची, त्याला राब म्हणतात, मग तिथे रोप करायचं आणि पावसात उपटून लावायचं. एका म्हातारबाबांनी मला नागलीचं रोप कसं धरायचं ते शिकवलं आणि मी लावलेली ओळ माझ्यादेखत उपटून पुन्हा लावली.

मुलं होती. खूप होती. अंगणवाडीत गाणी म्हणत होती. सेविकाताई फार हुशार, टॅब तिने तासाभरात शिकून घेतला. त्याच वर्षी पुढे सरकारने डॉ. अब्दुल कलामांच्या नावाने अमृत आहार योजना सुरू केली. आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना रोज एक वेळचं ताजं जेवण. मी परत आले ती खूश होऊन. घरी सांगितलं, आपण म्हणतो तसं काही नाही, परिस्थिती सुधारते आहे.

माझ्या प्रोग्रॅमने तेच सांगितलं. दिवाळीनंतर महिन्यामागून महिने आलेख चढत गेला. पावसाळ्यात कमी वजनाच्या मुलांचं प्रमाण जास्त, डिसेंबरात कमी, जानेवारीत आणखी कमी. आम्ही मुंबईत एका बैठकीत हा आलेख पडद्यावर दाखवला. टाळ्या वाजल्या. मला व्यासपीठावर बोलावून पुष्पगुच्छ दिला. तो फोटो मी आपल्या ग्रुपवर टाकला होता, तुम्ही अंगठे पाठवले होते.

फेब्रुवारीत मी पुन्हा वर गेले. खरं तर टॅबच्या बॅटऱ्या बदलायच्या होत्या एवढंच. चढण चढून गेले तर पाडा गप्प होता. सव्वीस घरांपैकी सतरा घरांच्या दाराला बाहेरून काटेरी फांद्या लावलेल्या. कुलूप नाही, काटे, गुरं शिरू नयेत म्हणून. उघड्या घरांत बहुतेक म्हातारी माणसं. अंगणवाडीत सहा-सात मुलं. कडे कोरडे. ऑगस्टमध्ये ज्या ओढ्यातून आम्ही एकमेकांचे हात धरून आलो होतो त्याच्या पात्रात बायकांनी वाळू उकरून झिरा केला होता आणि एक बाई वाटीने हंडा भरत बसली होती. मी उभी राहून बघितलं. हंडा भरायला किती वेळ लागला ते सांगत नाही, तुम्हाला खरं वाटणार नाही.

एका घरासमोर एक आजी नागली पाखडत होत्या. त्यांनी मला बसायला घोंगडी दिली आणि विचारलं, "तुम्ही कुठल्या?"

"वसईची."

त्यांनी सूप खाली ठेवलं. म्हणाल्या, "मग आमची पोरं तिकडंच गेलीत. तुम्ही इकडं कशाला आल्यात, बाय?"

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणा तर मुळीच नव्हता. त्यांना खरोखरच कळत नव्हतं.

त्या रात्री सेविकाताईच्या घरी बसून मी माझा प्रोग्रॅम उघडला. ज्यांना संगणकाचं काही कळत नाही त्यांनाही कळेल असं सांगते. मी नोंदींची रचना अशी केली होती: गाव ही मोठी पेटी, त्यात घर, घरात मूल. मूल गावाबाहेर असू शकतं हे मी गृहीतच धरलं नव्हतं. वजन आलं नाही तर 'अनुपस्थित'. सलग तीन महिने आलं नाही तर नोंद आपोआप 'बंद'. पडद्यावर फाफटपसारा नको म्हणून ही सोय मीच केली होती, आणि तिचा मला अभिमान होता. आता बघा काय होत होतं. दिवाळीनंतर ज्यांच्या कणगीत काही उरलेलं नाही ती कुटुंबं मुलाबाळांसकट बाहेर पडतात. मागे राहतात ती थोडी बऱ्या स्थितीतली, कुणाकडे जास्त जमीन, कुणाच्या घरात नोकरी. सर्वांत हडकुळी मुलं यादीतून गेली की उरलेल्यांचं प्रमाण आपोआप सुधारतं. मुलं सुधारली नव्हती, यादीतून गेली होती. आणि जूनमध्ये ती परत आली की, जुनी नोंद बंद म्हणून सेविकाताई त्यांना नवीन मूल म्हणून भरणार. म्हणजे सहा महिन्यांत त्याचं वजन किती घटलं हे कुणालाच दिसणार नाही.

आपल्या वर्गाच्या हजेरीत काय झालं होतं? तेच. फक्त तिथे सरांनी निदान तिला बाकावर बसू दिलं होतं. माझ्या प्रोग्रॅमने तेवढंही केलं नाही.

त्या बैठकीत ज्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या त्यांना मी पत्र लिहून आलेख चुकीचा असल्याचं कळवलं. लिहायला मला आठ दिवस लागले. काहींनी उत्तर दिलं, काहींनी नाही. मग रचना बदलली. मूल आता गावाला बांधलेलं नाही, आईला बांधलेलं आहे. आई जिथे जाईल तिथे नोंद जाते. 'बंद' हा शब्दच काढून टाकला. फक्त मृत्यू आणि वयाची सहा वर्षं पूर्ण, ही दोनच कारणं ठेवली. निघताना सेविकाताई विचारून घेते, कुठे चाललात, कोणत्या मुकादमाबरोबर. पुढे सरकारनेही स्थलांतरित मातांच्या आणि मुलांच्या नोंदीसाठी वेगळी यंत्रणा सुरू केली, आणि तिच्या सुरुवातीच्या जिल्ह्यांत आपला पालघर होता. ती आमच्यामुळे झाली असा दावा मी करत नाही, आमचं काम त्यापुढे चिमूटभर.

आता ही माणसं का उतरतात, याबद्दल थोडं. मी काही अभ्यासक नाही, ऐकलेलं आणि पाहिलेलं सांगते. वर पाऊस भरपूर पडतो, वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या पुढे. पण खाली काळा कातळ, त्यावर मातीचा थर पातळ आणि उतार उभा. पाणी थांबत नाही. एका पिकानंतर दुसरं पीक नाही. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने १९७७ साली केला, देशाने तो नंतर उचलला; पण काम मिळालं तरी मजुरी हातात पडायला उशीर झाला की ज्याच्या घरी आज पीठ नाही तो थांबू शकत नाही. वीटभट्टीचा किंवा बांधकामाचा मुकादम मात्र पाऊस संपता संपता दारात येतो आणि बयाणा देतो. एकदा पैसे घेतले की हंगामभर बांधले. मग भिवंडी, शहापूर, वसई, विरार, नालासोपारा. आणि वाड्या. होय, आपल्या वाड्याही. माझ्या वडिलांनी त्या वर्षी त्या कुटुंबाला बयाणा किती दिला होता हे मी त्यांना कधी विचारलं नाही, आता विचारायला ते नाहीत.

आणि ते थांबत नाही ते पाणी कुठे जातं? वैतरणेवर मुंबईसाठी मोडकसागर बांधलं १९५७ साली, मग अप्पर वैतरणा, मग मध्य वैतरणा. आणि आपल्या वसई-विरारच्या नळांना येते ती सूर्या. जव्हारच्या डोंगरात निघते, विक्रमगड तालुक्यात धामणीला अडवली आहे. मे महिन्यात मोखाड्याच्या पाड्यांवर टँकर जातो. तोच टँकर, ज्याच्याविरुद्ध आपल्याकडची माणसं रस्त्यावर उतरली होती. आठवतं ना? वसईच्या विहिरी उपसून पाणी बाहेर नेत होते, विहिरी खाऱ्या व्हायला लागल्या, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसईच्या मोर्चांत आपले आईवडील गेले होते. आमच्या विहिरीचं पाणी वाचावं म्हणून आजीसुद्धा गेली होती. पाणी गेलं की काय होतं हे कळंबच्या माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही. म्हणूनच मी हे इथे बोलते आहे, दुसरीकडे इतक्या मोकळेपणाने बोलले नसते.

एक गोष्ट मात्र स्पष्ट करते. वरचा पाडा म्हणजे नुसतं दुःख, असं समजू नका. मी चैत्रात मोखाड्याचा बोहाडा पाहिला आहे. रात्रभर देवांचे, राक्षसांचे मुखवटे घालून सोंगं निघतात, संबळ-सनईच्या तालावर नाचतात, पहाटेपर्यंत माणूस हलत नाही. बोहाड्याला, होळीला, लांब गेलेले लोक जमेल तसे परत येतात, मुकादमाची बोलणी खाऊन येतात. आणि शहाणपण म्हणाल तर, कोणत्या महिन्यात कोणती रानभाजी खायची आणि कोणती दोनदा उकळून पाणी टाकल्याशिवाय खायची नाही, हे तिथल्या दहा वर्षांच्या मुलीला येतं. मला आपल्या मंडईतल्या अर्ध्या भाज्यांची नावं येत नाहीत.

मी त्या मुलीला शोधलं का, असं परवा एकीने विचारलं. शोधणार कसं? नावच नव्हतं. माझ्या वयाच्या बायकांना मी विचारत असे, लहानपणी वसईला होतात का? जवळजवळ सगळ्याच हो म्हणायच्या. एक बाई म्हणाली, वाडीत होतो, रहाटाची विहीर होती, दर्या जवळ होता, रात्री आवाज यायचा. मी विचारलं, शाळेत जायचात? ती हसली आणि म्हणाली, "जायची ना. नुसती बसाया." ती असेल, किंवा नसेल. रहाटाच्या विहिरी काय आमच्या एकट्याकडेच होत्या? मी तिला माझ्या दहा पावलांबद्दल सांगणार होते, पण तिची नात रडायला लागली आणि ती उठून गेली.

आता थोडं आपल्याबद्दल, मग मी बसते. मागच्या बैठकीत आपण ठरवलं की तुकडीतर्फे शाळेला कमान बांधून द्यायची. बांधूया, माझा हिस्सा मी दिला आहे. पण त्याच्या जोडीला एक काम मी मागते आहे, त्याला पैसे जवळपास लागत नाहीत.

आपल्या तालुक्यात हे नवीन नाही. विवेक आणि विद्युल्लता पंडितांच्या विधायक संसदेने नव्वदच्या दशकात वीटभट्ट्यांवर मुलांसाठी भोंगाशाळा चालवल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरची झोपडी. नंतर २००९चा शिक्षण हक्क कायदा आला. त्याप्रमाणे वयाचा पुरावा नाही किंवा दाखला आलेला नाही म्हणून कोणत्याही मुलाचा प्रवेश अडवता येत नाही. वयाप्रमाणे वर्गात घ्यायचं. गाव बदलणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे, ते घेऊन मूल दुसऱ्या शाळेत जाऊ शकतं. कोणतंही मूल कोणत्याही अंगणवाडीत खाऊ शकतं. कागदावर सगळं आहे. फक्त त्या मुलाचा हात धरून त्या दारापर्यंत नेणारं कुणी नसतं, आणि त्याचे आईबाप सकाळी सातला कामावर असतात.

गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या रविवारी मी आणि आपल्यातली एक मैत्रीण, ती नाव सांगू नको म्हणाली आहे, स्कूटरवरून नालासोपारा स्टेशन ते कळंब असं फिरलो. आत आत गेलो. एका बांधकामावर चार मुलं सापडली, सहा ते दहा वर्षांची. मुकादमाने आम्हाला आधी हाकललं. दुसऱ्या रविवारी पुन्हा गेलो तेव्हा बसायला खुर्ची दिली. त्या चौघांची नावं आज जवळच्या शाळेच्या हजेरीत आहेत. होळीनंतर दोघं गावी गेली, त्यांना कार्ड देऊन पाठवलं. वर ते शाळेत पोचलं का हे बघायला फोन केले. एकाचं पोचलं. दुसऱ्याचं अजून कळलेलं नाही, त्याच्या वडिलांचा नंबर बंद येतो.

आपल्या वर्गात निदान तीनजण बिल्डर झाले आहेत. हसू नका, मी गंभीरपणे बोलते आहे. तुमच्या साइटवर किती मुलं आहेत हे तुम्ही उद्या सकाळी मोजून मला सांगू शकता, मला मोजायला दोन रविवार लागतात. आपल्यात चार शिक्षिका आहेत, दोन डॉक्टर आहेत, आणि वाड्या तर अजून बऱ्याच जणांकडे आहेत. दिवाळीनंतरचे दोन रविवार मला द्या. यंदा स्कूटर नको, रिक्षा करू. ज्यांना यायचं आहे त्यांनी मागच्या टेबलावर वही ठेवली आहे, तिथे नाव लिहा. बिल्डरांनी साइटचा पत्ताही लिहा.

फोटोखालच्या नावांचं राहिलं. स्मरणिकेच्या संपादकांनी दुसऱ्या रांगेतल्या शेवटच्या मुलीच्या जागी 'अज्ञात' लिहिलं होतं. मी त्यांना विनंती केली की 'मोखाडा' असं लिहा, तेवढं तरी तिने स्वतः सांगितलं होतं. त्यांनी ते मान्य केलं आहे.

जेवणाची पानं मांडली आहेत असं मला मघापासून खुणावतायत.